एकही चेंडू न पडता

क्रिकेटचा सामना नेमका सुरू कधी होतो, या तात्त्विक प्रश्नात मला आमच्या भावोजींच्या पायाने ढकलले.

२४ ऑक्टोबर २०१० ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. भावोजींनी तिकीट काढले आणि चारच दिवस आधी अंगणातल्या शेवाळावर घसरून पाय प्लॅस्टरमध्ये घातला.

"तुम्ही जा," तिकीट माझ्या हातात देत ते म्हणाले, "पण आल्यावर सगळं सांगायचं हं!"

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मी मडगाव गाठले. पाऊसही आला होता. त्याच्याकडे बहुधा पास असावा. आम्ही आभाळ बघत बसलो आणि एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला. त्याच मालिकेतला १७ तारखेचा कोचीचा सामनाही असाच वाहून गेला होता.

परतीच्या गाडीत विषय एकच : पैसे परत मिळणार का? साधारण रिवाज असा, की चेंडूच पडला नाही तर पैसे परत. पडला तर गंगेला मिळाले. म्हणजे पहिला चेंडू वाइड गेला, तर त्याच्याबरोबर आपले पैसेही सीमापार! इंग्लंडात कसोटीला म्हणे षटके मोजून पूर्ण किंवा निम्मे पैसे देतात. इंदूरला १९९७ च्या नाताळात धोकादायक खेळपट्टीमुळे भारत-श्रीलंका सामना तीन षटकांतच थांबला, तेव्हा लोकांचे मन राखायला प्रदर्शनीय सामना खेळवला होता. रेल्वेकडे मात्र मला काहीच मागता येईना. तिने आपला सामना पुरा केला होता.

माझा पेच निराळाच होता. पैसे मिळालेच, तर ते कुणाचे? मोजले भावोजींनी, भिजलो मी!

घरी येताच तिकीट त्यांच्यापुढे ठेवले. "पैसे मिळाले तर तुमचे."

"छे हो! दिलेली वस्तू परत घेतात का?"

"पण मी पाहिलं काय? काही नाही!"

"मग दिवसभर डोळे मिटून बसला होतात?"

झाले! मी सांगू लागलो. ओले मैदान, पेपराची टोपी घातलेले गृहस्थ, बापाच्या खांद्यावर झोपलेले पण झेंडा न सोडणारे पोर, ढग जरा हलला की उठणारी आरोळी. ताई दोनदा चहा ठेवून गेली. भावोजी प्लॅस्टरचा पाय विसरून पुढे सरकत होते.

"आणि मग हो?"

त्या दिवशी भावोजींचे पैसे वसूल झाले आणि माझेही, जे मी दिलेच नव्हते. पैसे मागायला पुढे आम्ही दोघेही गेलो नाही. कारण अगदी व्यवहारी होते. पैसे घ्यायचे तर तिकीट द्यावे लागले असते!