तोंड नसलेला ज्वालामुखी

अंबरपेठ, हैदराबाद

चि. सई,

तू सुट्टीत मैत्रिणींबरोबर फ्रान्सच्या ओव्हेर्न भागात जाणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. इतकी वर्षं मुलींना भूगोल शिकवताना मी ज्या डोंगरांची नावं फळ्यावर लिहिली, त्यांच्यावर तू चालणार!

क्लेरमों-फेराँ गावाच्या पश्चिमेला सुमारे ऐंशी ज्वालामुखी एका रांगेत उभे आहेत. पुई द दोम हा त्यांतला सर्वांत उंच, १४६५ मीटर. या रांगेतले शेवटचे उद्रेक सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे भूगोलाच्या हिशेबात अगदी अलीकडचे. म्हणून तर तिथल्या ज्वालामुखींची तोंडं अजून खोलगट, गोल आणि गवताने मढलेली आहेत. २०१८ साली हा प्रदेश जागतिक वारसा ठरला.

तरी दोनशेसत्तर वर्षांपूर्वीपर्यंत हे ज्वालामुखी आहेत हे शास्त्राला ठाऊक नव्हतं. १७५१ साली गेतार नावाचा माणूस त्या भागातून जात असताना त्याला बांधकामात वापरलेला काळा दगड दिसला. हा येतो कुठून, असं विचारत विचारत तो व्होल्विकच्या खाणीपर्यंत पोचला आणि तिथून डोंगरावर. पुढे १७६३मध्ये देमारे हा दुसरा अभ्यासक आला. त्याने काळ्या दगडाचे कोनदार खांब पाहिले आणि बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हाच, असा निष्कर्ष काढला. त्या काळी बरेच विद्वान हा दगड पाण्यात साचून तयार होतो असं मानत, आणि नंतरही कित्येक वर्षं मानत राहिले. मला या दोघांचं मोठं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की त्यांनी दगड पाहिला आणि तो जिथून आला तिथवर चालत गेले. सई, तूही तिथे नुसते फोटो काढून परतू नकोस.

आता आपल्याकडचं सांगते. अंबरपेठेत आपण राहतो ती जमीन ग्रॅनाइटची, सुमारे अडीचशे कोटी वर्षांची. पण मूसी नदी आपल्याकडे येते ती विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांतून, आणि तिथे आपल्या ज्वालामुखी मुलखाची पूर्वेकडची कड आहे. तिथून पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत आणि पलीकडे कोकणातही सगळा लाव्हाच पसरलेला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर आला, दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं तसा. त्यामुळे आपल्याकडे ओव्हेर्नच्या रांगेतल्यासारखा शंकू नाही, तोंड नाही. धुळे-नंदुरबारकडे गेलीस तर त्या भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या भिंती मैलोनमैल उघड्या दिसतात. बाकी ठिकाणी दिसतात ते थर. सपाट माथ्याचे डोंगर, त्यांच्या अंगावरच्या आडव्या कडा, दोन थरांमधला गेरूचा तांबडा पट्टा. वेरूळचं कैलास याच थरांत कोरलेलं आहे. वेरूळ पाहायला जगभरातून लोक येतात. आपण ज्वालामुखीवर उभे आहोत हे त्यांतल्या किती जणांच्या मनात येत असेल?

ओव्हेर्नला गेलीस की पाण्याकडे लक्ष दे. व्होल्विकचं पाणी तू बाटलीत पाहिलं असशील. तिथला लाव्हा आणि राख सच्छिद्र, पाऊस भरपूर, म्हणून पाणी मुरत मुरत खाली झिरपतं आणि झऱ्यांना बारमाही मिळतं. आपला काळा पाषाण घट्ट. पाणी सापडतं ते वरच्या मुरमात, फटींत, दोन थरांच्या सांध्यात. एका विहिरीला पाणी लागतं आणि शेजारची कोरडी जाते, ते यामुळे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते शहर याच लाव्हावर वसलेलं आहे. आणि बिदरला बघ! तिथे पठाराच्या माथ्यावर तांबडा जांभा, खाली घट्ट बेसॉल्ट. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बेसॉल्टवर अडतं. बहमनी काळातल्या लोकांनी हे ओळखलं आणि जांभ्यात जमिनीखालून बोगदे खोदून ते पाणी गावात नेलं. ते बोगदे, ज्यांना कारेझ म्हणतात, अजून पाहायला मिळतात. भूगर्भशास्त्राचं एकही पुस्तक हाती नसताना त्यांनी खडक असा वाचला होता.

ओव्हेर्नमधल्या दगडाच्या घरांकडेही बघ. क्लेरमोंचं काळं कॅथेड्रल व्होल्विकच्या दगडाचं आहे, आणि तिथल्याच कांताल भागातल्या खेड्यांत छपरांवरसुद्धा दगडी फरश्या असतात. त्या भिंती कशाने जोडल्या आहेत, छपराचा भार कशावर तोलला आहे, हे तिथल्या कुणा जुन्या माणसाला विचार. मी हे का सांगते ते तुला कळेल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आपल्या मराठवाड्यातली माणसं याच काळ्या दगडाखाली गेली. जाडजूड भिंती, मातीत रचलेले गोल धोंडे, वर माळवदाचा मणामणाचा भार. भिंत फुटली की सगळं अंगावर. हजारो गेले. दगडाचा दोष नव्हता, तो रचण्याच्या रीतीचा होता, आणि ते आधी कुणी गावकऱ्यांना सांगितलं नव्हतं. याचं दुःख मला आजही आहे.

त्यानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. आपल्या घरापासून जवळच, हबशीगुड्याला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे ना, तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यातून निघालेला खडक अभ्यासला. वरचे ३३८ मीटर लाव्हाचे थर, मग लाव्हा येण्याआधीचा आठ मीटरचा गाळ, आणि त्याखाली आपल्या घराखाली आहे तसाच अतिप्राचीन खडक. म्हणजे मराठवाड्यातली उदगीर, निलंगा, किल्लारी आणि आपलं अंबरपेठ यांचा पाया एकच. वरचा लाव्हा तेवढा इथे नाही.

आणि ओव्हेर्नमध्ये ल प्युईची हिरवी मसूर आवर्जून खा. तीही ज्वालामुखीच्या मातीतलीच. आपली काळी माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी फाटते आणि पावसात फुगून मिटते. पावसाळ्यातली ओल ती धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारी तिच्या भरवशावर उभी राहते.

डिसेंबरअखेर तू येशीलच. तेव्हा आपण दोघी सिकंदराबादहून विकाराबाद-परळी मार्गाने उदगीरला जाऊ. खिडकीची जागा तुझी. आधी ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसतील, विकाराबादनंतर जमीन तांबडी होईल, बिदरचं पठार उतरलं की काळी सुरू. कुठे काय बदललं ते तू वहीत लिहायचं. उदगीरला शरदमामाच्या रानात तोवर हुरडा आलेला असेल. तिकिटं मी काढून ठेवते, तारीख तेवढी लवकर कळव.

तुझी,
आजी