वेलाला विटाळ होत नाही



वर्षावासाचे तीन महिने धम्मश्रवणाचे, तसेच परसातल्या भाजीचेही. मृगाच्या सरी पडल्या की मागील दारी दोन हात जागा असली तरी आपल्या आयाबहिणी भोपळा, दुधी, भेंडी, मिरची लावतात. रोपे वर येतात, घर हरखून जाते. पुढे कुठे भोपळ्याची कोवळी फळे पिवळी पडून गळतात, भेंडीच्या पानांवर पिवळी जाळी चढते, मिरचीची पाने आकसतात. मग घरात प्रश्न निघतो: असे का झाले?

या प्रश्नाचे उत्तर आपण कुठे शोधतो, त्यावरून आपण धम्मात किती आलो ते ओळखावे.

पुष्कळ घरांत उत्तरे अजून जुनीच आहेत. कोणी म्हणते, नजर लागली. काठीवर काळी बाहुली टांगा. कोणी म्हणते, मागल्या जन्मीचे भोग. आणि कोणी सुनेकडे वळून विचारते, "बाहेर बसली असताना वेलाला शिवलीस काय गं?"

बंधूंनो, हा प्रश्न तोंडातून काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. 'विटाळ' हा शब्द आपल्याला कोणी शिकविला? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आपल्या स्पर्शाने तळे बाटले असे म्हणून सनातन्यांनी पुढे पंचगव्य ओतून त्याचे शुद्धीकरण केले. पाणी बाटले नव्हतेच. बाटली होती ती पाहणाऱ्याची बुद्धी. ज्या शब्दाने आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द आपण आपल्या लेकीसुनेवर उगारणार काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती घराच्या उंबरठ्याबाहेरच लागू नाही.

तथागतांनी सांगितले की जे जे घडते ते कारणाने घडते, आणि कारण दूर झाले की कार्यही थांबते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ऋतुनियम आणि बीजनियम सांगितले आहेत, आणि माणसाच्या नीतीसाठी कर्मनियम वेगळा सांगितला आहे. भोपळ्याचा वेल ऋतूच्या आणि बीजाच्या नियमाने चालतो. कोणाचे पाप त्याच्या मुळापर्यंत पोचत नाही.

तेव्हा चला, वेलाजवळ बसून पाहू.

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. लांब बारीक देठाचे ते नर फूल. ज्याच्या खाली सुपारीएवढी गोळी असते ते मादी फूल. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात आणि गळून जातात. त्यात काही बिघाड नाही. नर फुलातले पराग मधमाश्या मादी फुलावर नेतात, तेव्हा फळ धरते. पावसाची झड लागली किंवा जवळपास विषारी औषध मारले, म्हणजे माश्या फिरकत नाहीत. पराग पोचत नाही, म्हणून गोळी पिवळी पडून गळते. एवढेच कारण!

यावर उपायही सोपा आहे. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात. सकाळी लवकर ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हळूच फिरवा. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून तेथे हे काम संध्याकाळी करावे. पाहा भगिनींनो, ज्या हाताच्या स्पर्शाने वेल सुकला असे घर म्हणत होते, त्याच हाताच्या स्पर्शाने फळ धरते.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात तो विषाणूचा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. तिला काळ्या बाहुलीचे भय नाही. रोगट झाड पुन्हा सुधारत नाही. ते दिसताच उपटून जाळावे आणि पुढल्या खेपेस या रोगाला सहज बळी न पडणारे वाण लावावे. मिरचीचे पान उलटून पाहा. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. माती ओली असूनही रोप माना टाकत असेल, तर एक रोप उपटून मुळे पाहा. मुळे कुजली असतील तर पाणी साचते आहे. मुळांवर गाठी असतील तर जमिनीत सूत्रकृमी आहेत.

हे मी सांगतो म्हणूनही मानू नका. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच बजावले होते की ऐकीव म्हणून, परंपरेचे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नये. तेव्हा भोपळ्याच्या चार मादी फुलांना हाताने पराग लावून दोरा बांधा, चार तशीच सोडा. आठ दिवसांनी मुलांना घेऊन मोजा. घरातल्या आजीलाही बोलवा. तिच्याशी वाद घालू नका, तिला फळ दाखवा.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारणाचा निरोध आहे, निरोधाचा मार्ग आहे. हा विचार विहारात बसून पाठ होतो, पण अंगी मुरतो तो अशा लहान कामांत. ज्या घराने वेलाचे कारण शोधले, त्या घरात उद्या मूल तापाने फणफणले तर अंगारा आणायला कोणी धावणार नाही, डॉक्टरकडे धावेल. आणि त्या घरातली सून महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसणार नाही. मन होईल तेव्हा परसात जाईल, वेलाला पाणी घालील.

जयभीम!