चारचौघींचं नाव

माझं नाव मेरी. वसईच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. वर्गातल्या वैष्णवी, मृण्मयी, शर्वरी आपापल्या नावांचे अर्थ घडाघडा सांगायच्या आणि मग मोर्चा माझ्याकडे वळायचा : "बाई, मेरी म्हणजे काय हो?"

उत्तर सरळ नाही. मूळ हिब्रू 'मिर्याम'. ग्रीक-लॅटिनमध्ये ते 'मारिया' झालं, अरबीत 'मर्यम', फ्रेंचमध्ये 'मारी'. अर्थावर मात्र पंडितांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं कडूपणा, कुणी म्हणतं बंडखोरी. मोशेची बहीण मिर्याम इजिप्तमधली, म्हणून काहींना त्यात 'प्रिय' अर्थाचा इजिप्शियन शब्द दिसतो. संत जेरोमनं 'समुद्राचा थेंब' असा अर्थ लावला होता. पुढे हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून लॅटिन 'स्तिल्ला'चं 'स्तेल्ला' झालं आणि थेंबाचा तारा झाला, असं मानतात.

मला त्याहून मोठा प्रश्न पडतो. बायबलमध्ये देव माणसांची नावं बदलतो. अब्रामचा अब्राहाम होतो, सारायची सारा, याकोबाचा इस्राएल. योहान आणि येशू ही नावं तर जन्माआधीच देवदूत सांगून जातो. मग ज्या मुलीच्या पोटी येशू यायचा, त्या मेरीला नवं नाव का नाही?

तेही काही दुर्मीळ नाव नव्हतं. त्या काळच्या यहुदी बायकांमध्ये ते सर्वाधिक प्रचलित होतं. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसापाशी उभ्या असलेल्या बायका बघा : येशूची आई मरिया, क्लोपाची मरिया, मग्दालाची मरिया. हाक मारली असती तर तिघींनी मान वळवली असती! मला वाटतं, नाव न बदलण्यातच उत्तर आहे. देवाला वेगळी काढलेली बाई नको होती. चारचौघींतली एक हवी होती, आणि येशूची आई व्हायला तिचा होकार हवा होता. मोठेपण त्या होकारातून आलं, नावातून नाही.

कुराणात नावानिशी उल्लेख असलेली मर्यम ही एकमेव स्त्री. एकोणिसावी सूरा तिच्या नावाची आहे आणि ईसाची, म्हणजे येशूची, ओळख 'मर्यमचा मुलगा' अशी आहे. इकडे सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला या. तिथल्या चर्चमधल्या माउंट मेरीला आमचे कोळी 'मोत माउली' म्हणतात. टेकडीवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. गुडघा दुखणारी आजी वाहायला मेणाचा पाय घेते. तिच्या कपाळावर कुंकू असतं. मेरीचा अर्थ तिला कुणी विचारत नाही, तिचंही काही अडत नाही.

हल्ली बारशाआधी आईबाप कुणाकडेच नसलेलं, भारदस्त अर्थाचं नाव शोधत बसतात. शोधा जरूर. पण लेकीला आजीचं साधं, गल्लीत चौघींचं असलेलं नाव मिळालं तर हिरमुसू नका. अर्थाचं काय ते ती बघून घेईल.