कठड्यावरची जागा कुणाची?

कॅलिफोर्नियात समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही; माणशी दोनच काठ्या वापरता येतात. त्यामुळे सुट्टीच्या सकाळी कठडा गच्च भरतो, आणि नवखा माणूस पहिल्याच फेकीत शेजाऱ्याच्या दोरीवर आपली दोरी टाकतो.

घाबरून तो ओढू लागतो. शेजारचे आजोबा हातानेच थांबवतात. दोरी सैल सोडायला लावतात, त्याची काठी आपल्या काठीखालून घेतात, मग वरून, आणि गुंता सुटतो. दोरीला बांधलेलं शिसं सरळ समोर टाकायचं, तिरकं नाही. आधी मागे वळून पाहायचं.

यातलं बरंचसं पाटीवर लिहिलेलं नसतं; कठड्यावरची जागा कुणाची, हेही नाही.

समुद्र कुणाचा, हा प्रश्न जुना आहे. इ.स. 533 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथाने हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा सर्वांचे मानले. सतराव्या शतकात जॉन लॉकने श्रमातून मालकी येते असं मांडलं. धरलेल्या माशापुरतं ते पटतं; पण कठड्यावरच्या हातभर जागेचं काय? पहाटे आलेल्याची ती खरीच, पण तो उठेपर्यंत. 2009 च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तुर्कस्तानातल्या अलान्याच्या कोळ्यांचं उदाहरण दिलं होतं. हे कोळी मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटत आणि रोज बदलत. मालकीच्या वादापेक्षा ही पाळी जास्त न्यायाची आहे.

धक्क्यावर कुणाला मोठा मासा लागला की शेजारी आपापल्या दोऱ्या गुंडाळून घेतात, आणि कुणीतरी दोराला बांधलेलं जाळं खाली सोडतो. नवख्याने निदान तो दोर धरायला पुढे व्हावं.