दुसऱ्याच्या दुखण्याची साक्ष

आमच्या घरी एकदा पाहणीचा माणूस आला होता. त्याने अब्बांना विचारले, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का?" अब्बा म्हणाले, "नाही, अल्लाहच्या मेहेरबानीने सगळे ठीक." त्याच वेळी आत अम्मी गुडघा धरून उठत होती. अब्बा खोटे बोलले नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हते. आम्हाला ठाऊक होते, तरी आम्ही गप्प राहिलो.

अशा पाहण्यांत बऱ्याचदा घरातील एकच व्यक्ती सर्वांच्या वतीने उत्तरे देते. त्यात वेळ वाचतो, खर्चही. मोडलेला हात, इस्पितळातला मुक्काम हे दुसरा माणूस बरेचसे बरोबर सांगतो. वेदना, थकवा, उदासी मात्र त्याच्या नजरेतून निसटतात. मग ज्याचे दुखणे त्यालाच विचारले की सत्य हाती लागेल?

तेही तितके सोपे नाही. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्यपाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी पुढे तिच्याकडे लक्ष वेधले. प्रकृती बरी नसल्याचे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांपैकी अवघ्या २.५ टक्के जणींनी. विधवा इतक्या सुखात होत्या, असे कोण म्हणेल? आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. आपल्याला त्रास आहे असे सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के.

वर्षानुवर्षे सोसत राहा असे शिकवलेली बाई दुखण्याला दुखणे म्हणत नाही. पण म्हणून तिच्या वतीने बोलण्याचा हक्क आपल्याला मिळतो का? आम्हाला तसे वाटत नाही. तिलाच विचारावे, एकांतात विचारावे, नेमके विचारावे: जिना चढताना दुखते का? झोप लागते का? शरीरातले जे तिलाही कळत नाही, ते डॉक्टरांनी तपासावे. लहान मूल किंवा वाचा गेलेले म्हातारे माणूस असेल, तर दुसऱ्याने बोलणे भागच आहे. मात्र ती साक्ष अमानत समजावी आणि माहीत नसेल तिथे "ठाऊक नाही" म्हणावे.

त्या संध्याकाळी आम्ही अम्मीला विचारले. "काही नाही रे," ती म्हणाली. आम्ही उठलो नाही. थोड्या वेळाने तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दोन वर्षं झाली."