एंटरच्या आधी

31 मार्चची रात्र. सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत वर्षअखेरीचं क्लोजिंग चाललेलं, आणि नेमकी तेव्हाच सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. डेटाबेस एकही नोंद घेईना. ड्यूटीवर नवा पोरगा होता; बोटं चपळ, कमांडी तोंडपाठ. त्याने 40 जीबीची एक लॉग फाइल हुडकली, आरएम मारून उडवली आणि डीएफ लावून पाहिलं. आकडा शंभरच!

"मग मोठीच झाडलोट करू," म्हणत त्याने फाइंड लिहायला घेतलं. व्हार डिरेक्टरीतल्या, तीस दिवसांहून जुन्या, जीझेडवाल्या फायली काढायच्या. घाईत डिलीट आधी पडलं, अटी मागे राहिल्या. लॉगिन रूटचं, आरएमला रिसायकल बिन ठाऊक नाही, आणि बोट एंटरवर.

"हात काढ," मागून अण्णा म्हणाले. "डिलीट खोड, तिथेच प्रिंट लिही. पुढे पाइप देऊन ओळी मोज."

"अण्णा, वीस-पंचवीस असतील. खालून मॅनेजर साहेबांचे फोनवर फोन येताहेत."

"येऊ देत. मोज की."

आकडा आला 11,482. पोराने यादी उघडली. त्यात डेटाबेसच्या चालू फायली होत्या, मेलची रांग होती, अख्खी व्हार होती. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. कृती आधी लिहिली की ती प्रत्येक फायलीवर होते, अट नंतर तपासली जाते. फाइंडच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा स्पष्ट दिलेला आहे, पण मॅन्युअल वाचायची हौस सहसा अपघातानंतरच येते.

पोराचा चेहरा उतरला. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, "ते राहू दे. 40 जीबी उडवलेस, ते गेले कुठे? डीयू लाव."

डीयूची बेरीज डीएफपेक्षा बरोबर तेवढ्यानेच कमी निघाली. डीयू नावं मोजत फिरतं, डीएफ फाइल सिस्टिमलाच विचारतं.

"म्हणजे फाइल आहे, पण नाव नाही?"

"दारावरची पाटी काढलीस बाळा, भाडेकरू आतच आहे. कोण ते एलएसओएफला विचार. सगळं ओतू नकोस, ग्रेपने फक्त डिलीटेड गाळून घे."

एकच ओळ आली. रिपोर्ट काढणारी सर्व्हिस ती फाइल अजून धरून बसली होती, तिच्यात लिहीतही होती. ती रीस्टार्ट केली आणि डीएफ 100 वरून 61 वर उतरलं. खाली क्लोजिंग सुरू झालं, फोन थांबले.

अण्णा चहा प्यायला उठले. पोरगा मात्र जागचा हलला नाही. त्याने फाइंडची ओळ पुन्हा मांडली: आधी नाव, मग वय, शेवटी प्रिंट. 23 फायली आल्या. तो एकेक वाचत गेला आणि एका नावापाशी थांबला.

"अण्णा, ही मागच्या ऑडिटची दिसते. ऑडिटवाल्यांना विचारल्याशिवाय हलवायची नाही ना?"

"नाही," अण्णा दारातून म्हणाले. "बाकीच्या बावीस कुणाच्या आहेत?"

त्याने वही ओढली आणि फायलींच्या नावापुढे मालकांची नावं लिहायला घेतली.