तारीफ आणि खुशामत

उर्दू व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो, 'इस्म की तारीफ बयान करो.' इथे तारीफ म्हणजे व्याख्या. घरी-दारी मात्र हाच शब्द स्तुतीसाठी येतो. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे ओळख करून देणे. व्याख्या वस्तूची ओळख करून देते, तर स्तुती माणसातल्या गुणाची.

नमाजच्या प्रत्येक रकअतमध्ये आपण सर्व स्तुती अल्लाहची असल्याची कबुली देतो. मग माणसाची तारीफ करावी की नाही? हदीसमध्ये दोन्ही बाजू आढळतात. एकाने दुसऱ्याची वारेमाप स्तुती केली, तेव्हा 'तू तर आपल्या मित्राची मानच कापलीस' अशा अर्थाच्या शब्दांत पैगंबर साहेबांनी (स.) त्याला अडवले. पण अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्या कुरआनपठणातील सुरेलपणाचे त्यांनी स्वतः कौतुक केले. अब्दुल कैस कबिल्याच्या अशज्ज यांना तर तुमच्यातले सहनशीलता आणि सबुरी हे दोन गुण अल्लाहला प्रिय आहेत, असे नेमके सांगितले. म्हणजे मनाई खोट्या, अतिरेकी स्तुतीला आहे. खऱ्या गुणाची ओळख देण्याला नाही.

आपल्या साहित्यातही हा वाद झाला आहे. दरबारी कसीद्यांतील अतिशयोक्तीवर मौलाना हाली यांनी १८९३ साली 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'मध्ये कडक टीका केली. बक्षिसासाठी केलेली स्तुती ही खुशामतच. तिच्यात समोरचा माणूस दिसत नाही, त्याची थैली दिसते.

पण खुशामतीला भिऊन आपण मुकेही झालो आहोत. सालनात मीठ कमी पडले तर दस्तरख्वानावर लगेच बोलले जाते. वर्षभर बरोबर पडलेल्या मिठाबद्दल कोणी बोलत नाही. मुलीने चांगले गुण मिळवले, तरी डोक्यात हवा जाईल, नजर लागेल म्हणून आईबाप गप्प बसतात. नेमके याचसाठी आपल्याकडे 'माशाअल्लाह' आहे. तो म्हटला की गुणाचे कौतुकही होते आणि देणाऱ्याची आठवणही राहते. ज्या मुलीला तिची हुशारी कोणी सांगितलीच नाही, ती शाळा सुटताना हट्ट कशाच्या बळावर धरणार?

वर्गातही प्रत्येक वहीवर 'बहुत खूब' लिहिले तर मुले ते वाचणे सोडून देतात. 'आज तुझा ऐन छान वळला' म्हटले की मूल पुन्हा ऐन गिरवते. 'शाबाश' हा फारसी 'शाद बाश'चा संक्षेप. अर्थ, आनंदी राहा. ती एक दुआच आहे. ज्याचा तिच्यावर हक्क आहे, त्याला ती वेळेवर द्यावी.